‘बरे वाटते’ म्हणजे बरे आहे काय?

आपल्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात केसपेपर लिहिताना ‘सध्या कोणती औषधे चालू आहेत?’ असे विचारले जाते. ‘काही नाही,’ असे उत्तर पुष्कळदा मिळते आणि नंतर पिशवीतून जीवनसत्त्वांच्या, कॅल्शियमच्या, ‘ताकदीच्या’ गोळ्यांच्या दोन-तीन बाटल्या निघतात. ‘यांनी बरे वाटते,’ हे मात्र आवर्जून सांगितले जाते. अशी एक बाटली आमच्याही टेबलाच्या खणात होती, हे येथे प्रांजळपणे नमूद करतो. या ‘बरे वाटण्या’वर किती विसंबावे, याचा विचार यंदाच्या आरोग्यप्रबोधनपर लेखात केला आहे.

‘बीएमजे ओपन’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील २०१२ सालच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीतील २१,६०३ प्रौढांची माहिती त्यात तपासली गेली. त्यांपैकी ४,९३३ जण बहुजीवनसत्त्वांच्या गोळ्या घेत होते, १६,६७० जण घेत नव्हते. ‘तुमची प्रकृती कशी आहे?’ या प्रश्नाला गोळ्या घेणाऱ्यांनी दिलेली उत्तरे सुमारे ३० टक्क्यांनी अधिक चांगली होती. परंतु जुनाट आजार, वर्षभरातील तक्रारी, दैनंदिन कामांत लागणारी मदत आणि मानसिक ताण या चारही बाबतींत दोन्ही गटांत फरक आढळला नाही. हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे तर वहीत जमा दिसते. पेटीत मात्र रक्कम नाही.

असे का व्हावे? अभ्यासकांनी दोन शक्यता मांडल्या. गोळीने लाभ होणारच या अपेक्षेमुळे बरे वाटत असावे. किंवा मुळात आशावादी स्वभावाची माणसेच गोळ्या घेत असावीत. एका वेळच्या पाहणीवरून याचा निर्णय होत नाही. त्यासाठी खरी गोळी कोणाला आणि नुसती दिसायला तशी कोणाला, हे कोणालाही ठाऊक नसलेले प्रयोग करावे लागतात. ‘व्हायटल’ नावाच्या अशा प्रयोगात ५० वर्षांवरील १८,३५३ व्यक्तींना काही वर्षे रोज ड जीवनसत्त्व किंवा नुसती गोळी देण्यात आली. २०२० साली निष्कर्ष आला, तो असा की नैराश्य टाळण्यास किंवा मनःस्थिती सुधारण्यास त्या जीवनसत्त्वाचा उपयोग झाला नाही.

याचा अर्थ या गोळ्या सर्वांनाच निरुपयोगी आहेत, असा नव्हे. गर्भवती मातेस लोह व फॉलिक आम्ल, शाकाहारी व्यक्तीत कमतरता आढळल्यास ब-१२, ही खरी औषधे आहेत. गरज सिद्ध झाली की त्यांचे मोल मोठे आहे.

चिंता आहे ती निराळी. रक्तदाब आणि मधुमेह आरंभी बहुधा काहीच जाणवू देत नाहीत. ‘बरे वाटते’ या समाधानात तपासणी लांबते आणि आजार मात्र थांबत नाही. शिवाय या गोळ्या इतर उपचारांत अडथळा आणतात. लोह व कॅल्शियम थायरॉईडच्या गोळीचे शोषण कमी करतात. के जीवनसत्त्व रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफॅरिनचा परिणाम घटविते. केस-नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनमुळे रक्ताच्या काही तपासण्यांचे आकडे चुकू शकतात. म्हणूनच ‘काही नाही’ हे उत्तर आम्हांस काळजीत टाकते.

रुग्णांच्या नातेवाइकांस आमची नम्र विनंती आहे की, येताना घरातील सर्व बाटल्या, त्या औषध वाटोत वा न वाटोत, सोबत आणाव्यात आणि डॉक्टरांना दाखवाव्यात. स्वतःहून काही सुरू करू नये, तसेच डॉक्टरांनी दिलेले स्वतःहून बंदही करू नये. देणगीदार व विश्वस्त बंधुभगिनींनीही आपल्या घरी हाच नियम पाळावा. प्रकृती उत्तम वाटत असली तरी वयानुरूप रक्तदाब व साखर तपासून घ्यावी. आमच्या खणातील बाटली आता डॉक्टरांच्या टेबलावर पोहोचली आहे. त्यांनी प्रथम रक्ततपासणीची चिठ्ठी लिहून दिली.