मिशनऱ्याचें बिऱ्हाड

शास्त्रभाग : उत्पत्ति १२:१-९, मत्तय ८:१४-१५, १ तीमथ्य ३:४-५, गलतीकरांस ६:२



परदेशीं गेलेल्या मिशनऱ्यांचीं चरित्रें आपण मंडळींत वाचतों, तेव्हां प्रवास, भाषांतरें, बाप्तिस्मे व छापखाने ह्यांचें वर्णन त्यांत पुष्कळ सांपडतें. पण त्यांच्या घरीं चूल कोण पेटवीत होतें, तापानें फणफणलेल्या लेंकरापाशीं रात्रभर कोण बसत होतें, आणि परक्या मुलुखांत त्या माउलीच्या मनाचें काय होत होतें, हें आपण क्वचितच विचारतों. ह्या धड्यांत तेंच विचारावें असा आमचा हेतु आहे. उदाहरणासाठीं आम्हीं विल्यम केरी ह्यांचें घर घेतलें आहे. कारण आपणां मराठी बोलणाऱ्यांवर ह्या घराचें ऋण आहे, तें कसें हें पुढें दिसेल.

१. घर सुटतें

केरी हे इंग्लंडांतील नॉर्थॅम्प्टनशर परगण्यांतले, धंद्यानें जोडे शिवणारे. १७८१ सालीं डॉरोथी प्लॅकेट हिच्याशीं त्यांचें लग्न झालें. ती साध्या खेडवळ घराण्यांतली. लग्नाच्या नोंदवहींत तिनें सहीच्या जागीं केवळ खूण केली. दोन लहानग्या मुली तिनें मायदेशींच मातींत ठेविल्या होत्या. १७९३ सालीं नवऱ्यानें हिंदुस्थानांत जाण्याचें ठरविलें, तेव्हां ती गरोदर होती व तिनें येण्यास साफ नकार दिला. केरी थोरला मुलगा फेलिक्स ह्यास घेऊन निघाले. परंतु ईस्ट इंडिया कंपनीचा परवाना नसल्यामुळें त्यांस जहाजावरून उतरावें लागलें. मध्यंतरीं डॉरोथी बाळंत झाली होती. पुन्हां आग्रह झाला, तेव्हां आपली बहीण कॅथरिन बरोबर येत असेल तर येतें, असें ती म्हणाली. घाईघाईनें सामान आवरून, अवघ्या कांहीं आठवड्यांचें तान्हें मूल उराशीं धरून, चार मुलगे व बहीण ह्यांसह ती १३ जून १७९३ रोजीं एका डॅनिश जहाजानें निघाली. नोव्हेंबरांत हें कुटुंब कलकत्त्यास पोंचलें.

उत्पत्तीच्या बाराव्या अध्यायांत आपण अब्राहामाचें पाचारण वाचतों. पाचारण अब्रामास झालें, पण बिऱ्हाड साराईचेंहि उठलें. ती काय म्हणाली हें तेथें लिहिलेलें नाहीं. डॉरोथीनें मात्र आधीं नाहीं म्हटलें होतें, हें आपणांस ठाऊक आहे. ह्यावरून कोणी तिला अल्पविश्वासी म्हणेल. आम्हांस तसें म्हणवत नाहीं. पोटांत एक व पदराशीं तीन मुलें असतां जी बाई पांच महिन्यांच्या समुद्रप्रवासास भितें म्हणते, ती खोटें बोलत नाहीं. आणि एवढें भय मनांत बाळगून जी शेवटीं निघते, तिचा त्याग निर्भय मनुष्याच्या त्यागाहून कमी नव्हे.

२. परक्या मुलुखांतील संसार

आणलेला पैसा लवकरच सरला. कुटुंब एका जागेहून दुसऱ्या जागीं हिंडूं लागलें. डॉरोथी व फेलिक्स आंवेनें आजारी पडलीं. पावावर वाढलेल्या मुलांस भात व कालवण ह्यांवर राहावें लागलें. १७९४ सालच्या आरंभीं तीं सर्व सुंदरबनांत देभाट्टा येथें गेलीं. तेथें कंपनीच्या मीठखात्यांतील एका अधिकाऱ्यानें त्यांस आसरा दिला. भोंवतीं खाड्या, दलदल व वाघांचें रान. पुढें मालद्याजवळ मुदनाबाटी येथें एका निळीच्या कारखान्याची देखरेख केरींस मिळाली, तेव्हां पोटाची विवंचना मिटली. परंतु ज्या बहिणीच्या सोबतीच्या अटीवर डॉरोथी घराबाहेर पडली, ती बहीण त्याच अधिकाऱ्याशीं लग्न ठरून मागेंच राहिली. आतां आपल्या बोलींत सुखदुःख सांगावें असें एकहि बाईमाणूस तिच्याजवळ उरलें नाहीं.

त्याच वर्षीं पांच वर्षांचा पीटर आजारानें दगावला. परक्या जातीचें प्रेत म्हणून खड्डा खणण्यास व नेण्यास माणसें मिळेनात. मोठ्या प्रयासानें दफन झालें. पुढच्या वर्षीं डॉरोथीच्या बुद्धीस भ्रंश झाल्याचें स्पष्ट दिसूं लागलें. नवरा आपल्याशीं एकनिष्ठ नाहीं असा भ्रम तिला जडला. ती त्यांच्यावर ओरडे, कधीं अंगावर धांवून जाई. शेवटीं तिला खोलींत कोंडून ठेवावें लागलें. केरींनीं तिला टाकिलें नाहीं. अखेरपर्यंत आपल्याच घरीं ठेविलें. शेजारच्या खोलींतून तिचा आक्रोश ऐकूं येत असतां ते टेबलाशीं बसून शास्त्राचें भाषांतर करीत, असें सहकाऱ्यांनीं नमूद करून ठेविलें आहे. हें धैर्य होतें, किंवा दुसरा उपायच नव्हता म्हणून कामांत घेतलेला आश्रय होता, ह्याचा निवाडा करण्यास आम्ही धजत नाहीं.

३. श्रीरामपूर येथील एकत्र घर

१८०० सालच्या जानेवारींत हें कुटुंब बंगालांतील श्रीरामपूर येथें गेलें. तें ठाणें त्या वेळीं डेन्मार्कच्या राज्यांत असल्यामुळें मिशनऱ्यांस तेथें मोकळीक होती. जोशुआ मार्शमन, त्यांची पत्नी हॅना, विल्यम वॉर्ड व इतर मंडळी अगोदरच तेथें आली होती. सर्वांनीं मिळून एक घर केलें : जेवण एका पंगतीस, मिळकत एका पेटींत, आणि घरखर्चाची व्यवस्था पाळीपाळीनें. दर शनिवारीं सायंकाळीं ते एकत्र बसत; आठवड्यांत कोणाचें मन दुखावलें असल्यास तें बोलून दाखवीत आणि पुन्हां प्रीतीनें राहण्याचें वचन देत. केरींस पुढें कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजांत शिक्षकाची जागा मिळाली. त्या पगाराचा बहुतेक भाग ह्याच पेटींत पडे.

ह्या घरांत केरींच्या मुलांस आई मिळाली, ती हॅना मार्शमन. बापास काम व आईस आजार, अशा स्थितींत मुलें आडदांड झालीं होतीं. हॅनाबाईंनीं स्वतःचीं लेंकरें व शाळा संभाळून त्यांस शिस्त व माया दिली. वॉर्ड ह्यांनीं फेलिक्सला हाताशीं धरिलें.

२८ डिसेंबर १८०० रोजीं हुगळी नदींत कृष्ण पाल नांवाच्या सुताराचा व फेलिक्सचा बाप्तिस्मा झाला. सात वर्षांच्या श्रमाचें तें पहिलें फळ. पण त्याच दिवशीं डॉरोथी आपल्या खोलींत आक्रोश करीत होती. तिच्याच मुलाचा बाप्तिस्मा. तो पाहण्यास ती नव्हती.

आतां आपल्या ऋणाची गोष्ट. केरींनीं वैजनाथ पंडितांच्या साह्यानें मराठीचा अभ्यास केला. १८०५ सालीं त्यांचें मराठी व्याकरण व मत्तयाचें मराठी शुभवर्तमान श्रीरामपुरास छापून निघालें. १८१० सालीं कोश व १८११ सालीं नवा करार निघाला. डॉरोथी ८ डिसेंबर १८०७ रोजीं वारली. म्हणजे आपल्या भाषेंतील पहिलें छापील शुभवर्तमान ज्या वर्षीं निघालें, त्या वर्षीं ती बाई त्याच घरांत बंद दाराआड जिवंत होती. व्याकरणावर तिचें नांव नाहीं. पण त्याच्या किंमतींतील एक हिस्सा तिनें भरला आहे, आणि तो स्वखुशीनें नव्हे, ह्यास्तव आपण तो अधिकच आठवावा.

४. आपणांसाठीं बोध

येथें आम्हांस एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आमच्या सेवेच्या पहिल्या गांवीं आम्ही दिवसभर वाड्यावस्त्यांवर हिंडत असूं. काम वाढत होतें व आम्ही संतुष्ट होतों. आमचें कुटुंब दुसऱ्या जिल्ह्यांतलें; तिची बोली निराळी, म्हणून पाणवठ्यावर बायका हंसत. सुमारें एक वर्षभर तिला बोलावयास कोणी नाहीं हें आमच्या ध्यानांत आलें नाहीं. तें ध्यानांत आलें मंडळींतील एका वृद्ध विधवेच्या. ती एके दिवशीं भाजीची जुडी घेऊन आली, चुलीपाशीं बसली आणि म्हणाली, "बाई, तुमच्या माहेराकडं ही भाजी कशी करतात?" त्या दिवशीं घरांत प्रथमच हंसण्याचा आवाज झाला. आम्हीं त्या वर्षीं पुष्कळ प्रवचनें केलीं, पण आमच्या घरांत सर्वांत मोठें प्रवचन त्या आजीबाईंनीं केलें.

ह्यावरून तीन गोष्टी शिकाव्या.

पहिली ही कीं, सेवकाचें घर हें त्याच्या सेवेचेंच क्षेत्र आहे. पौल तीमथ्यास अध्यक्षाविषयीं लिहितांना घराची व्यवस्था आधीं व मंडळीची मागून सांगतो. प्रभु स्वतः पेत्राच्या घरीं गेला, तेव्हां आजारी सासूकडे त्याची दृष्टि प्रथम गेली.

दुसरी ही कीं, ज्याला पाचारण होतें त्यानें आपल्या सोबत्याचें भय ऐकून घ्यावें. ऐकून घेणें म्हणजे मागें फिरणें नव्हे. पण सोबतीसाठीं दिलेलें वचन परदेशांत मोडलें, तर नवें आधारस्थान शोधून देणें हें नवऱ्याचें व मंडळीचें कर्तव्य आहे.

तिसरी ही कीं, एकमेकांचीं ओझीं वाहण्याची आज्ञा आपल्या गांवच्या मंडळीसहि लागू आहे. पाळकाचें अथवा उपदेशकाचें बिऱ्हाड दूरच्या जिल्ह्यांतून येतें, तेव्हां त्याचें पहिलें प्रवचन कसें झालें हें आपण सर्व विचारतों. त्याच्या पत्नीस दळण, पाणी व दवाखाना कोठें आहे हें कोणी दाखविलें? मुलांस खेळगडी मिळाले काय? घरांत कोणाचें मन उदास असेल, झोंप उडाली असेल, भलते संशय येत असतील, तर त्यास भूतबाधा किंवा विश्वासाची उणीव न म्हणतां, जसें तापांत नेतों तसें वैद्याकडे नेलें पाहिजे. डॉरोथीच्या काळीं अशा आजारावर औषध नव्हतें, आज आहे. तें असतांहि लाजेस्तव दार लावून घेणें हा दोष आपल्या माथीं येईल.

चर्चेसाठीं प्रश्न

१. डॉरोथीनें आरंभीं नकार दिला, ह्यास अविश्वास म्हणावें काय?
२. श्रीरामपूरच्या शनिवारच्या बैठकीसारखी रीत आपल्या घरीं व मंडळींत कशी चालवितां येईल?
३. आपल्या गांवांत बाहेरून येऊन राहिलेलें असें कोणतें घर आहे कीं जेथें ह्या आठवड्यांत कोणी गेलें नाहीं?

तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर वर्गांत तोंडानें देऊं नये. शब्बाथाच्या उपासनेनंतर त्या घरीं जाऊन द्यावें.