शेतीच्या वहीत तारीख कशी लिहावी?

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील धानाच्या पट्ट्यात शेतीच्या कामांची आठवण बहुधा सणांवरून अथवा नक्षत्रांवरून ठेवली जाते. ‘मृगात पऱ्हे टाकले’, ‘पोळ्याच्या सुमारास रोग दिसला’, अशी सांगण्याची रीत जुनी आहे. स्मरणास ती सोयीची असली, तरी पिकाचा हिशेब दिवसांचा असतो. पऱ्हे साधारणतः २१ ते २५ दिवसांचे झाले म्हणजे रोवणी करावी. फार जून झालेल्या पऱ्ह्यांस फुटवे कमी येतात. नत्र खताचे पुढील हप्तेही रोवणीपासून दिवस मोजूनच द्यावयाचे असतात. कामाचा नेमका दिवस वहीत नसेल तर हा हिशेब चुकतो, आणि त्या चुकीची भरपाई त्या हंगामात होत नाही.

सण आणि नक्षत्रे

पोळा श्रावण अमावास्येस येतो. बारा चांद्र महिन्यांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणजे सौर वर्षाहून जवळजवळ ११ दिवसांनी लहान असते. हा फरक अधिक महिना धरून भरून काढला जातो. त्यामुळे सण मागेपुढे होतात. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला व पोळा १४ सप्टेंबरला झाला. २०२४ मध्ये तो २ सप्टेंबरला, तर २०२५ मध्ये २२ ऑगस्टला आला. दोन वर्षांत २३ दिवसांचे अंतर पडले. केवळ सणावरून केलेल्या नोंदींची वर्षावर्षांत तुलना करता येत नाही, ती याच कारणाने. शिवाय तिथीचा कधी क्षय होतो, तर कधी वृद्धी. म्हणून तिथींवरून दिवस मोजणेही धोक्याचे.

पावसाची नक्षत्रे सूर्याच्या गतीवर ठरत असल्याने ती स्थिर असतात. मृग दरवर्षी ७ किंवा ८ जूनच्या सुमारास लागते. परंतु एक नक्षत्र १३-१४ दिवस चालते. ‘मृगात’ एवढेच लिहिल्यास पऱ्ह्यांचे वय ठरविताना जवळजवळ दोन आठवड्यांची चूक होऊ शकते.

एक दिवस, तीन नावे

महिन्याच्या नावानेही घोटाळा होतो. महाराष्ट्रात महिना अमावास्येस संपतो. लगतच्या छत्तीसगडमध्ये तो पौर्णिमेस संपतो. म्हणून आपली श्रावण अमावास्या ही तिकडे भाद्रपद अमावास्या होय. डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून भारतीय राष्ट्रीय सौर दिनदर्शिका अमलात आली. तिच्यातील महिन्यांस हीच नावे असली तरी ते चंद्रावर अवलंबून नाहीत. २ सप्टेंबर २०२४ चा पोळा या गणनेने ११ भाद्रपद १९४६ रोजी होता.

केवळ आकडेही पुरेसे नाहीत. ‘५-६-२४’ म्हणजे आपल्याकडे ५ जून. पण महिना आधी लिहिण्याच्या अमेरिकी पद्धतीने तोच ६ मे होतो. यंत्रावरील नोंदीत वर्ष, महिना, दिवस हा आंतरराष्ट्रीय क्रम सोयीचा आहे, कारण त्यात नोंदी आपोआप ओळीने लागतात. हाताने लिहावयाच्या वहीत मात्र महिना अक्षरांत लिहावा.

नोंदीचा नमुना

दिवस आकड्यात, महिना अक्षरांत, वर्ष चार आकड्यांत व शेजारी वार, ही रीत सर्वांत निर्धोक होय. वारामुळे तारखेची चूक तत्काळ ध्यानात येते. तिथी व नक्षत्र सोडून देण्याचे कारण नाही. ती कंसात लिहावीत. उदाहरणार्थ:

१९ जून २०२४, बुधवार : पऱ्हे टाकले.
१२ जुलै २०२४, शुक्रवार (आषाढ शुद्ध ६, पुनर्वसू) : रोवणी, पऱ्हे २३ दिवसांचे.

हीच रीत गोठ्यातही पाळावी. गाय फळविल्याची तारीख लिहिलेली असल्यास २१ दिवसांनी ती पुन्हा माजावर येते काय, हे पाहता येते व सुमारे २८० दिवसांनी येणाऱ्या विताची तयारी ठेवता येते. रानडुकरांनी धान तुडविल्यास नुकसानीच्या अर्जाची मुदतही तारखेवरूनच मोजली जाते. म्हणून काम ज्या दिवशी झाले, त्याच सायंकाळी ते वहीत उतरवावे. शेतकऱ्यास लिहिणे जमत नसेल, तर घरातील शाळकरी मुलाकडून ही नोंद करून घ्यावी.