बापाचा शब्द

शास्त्रपाठ : कलस्सै ३:२०-२१, १ राजे १:५-६, प्रकटीकरण २:१-५, मार्क १:९-११.

मुलगा शेतात दारे धरावयास गेला. सहा वाफे त्याने नीट भिजविले. सातव्याचा वरंबा फुटून पाणी वाटेवर गेले. सायंकाळी बाप आला व चार माणसांदेखत मुलास नाही नाही ते बोलला. भिजलेल्या सहा वाफ्यांविषयी मात्र त्याने अवाक्षरही काढिले नाही. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असे घडते, म्हणून हा पाठ आम्ही बापांकरिता लिहीत आहो.

पौलाच्या काळी रोमी कायद्याने बापाची सत्ता फार मोठी होती. मुलांच्या जिवावरही तिचा अधिकार चाले. मुलांनी आज्ञा पाळावी, हे पौलही सांगतो. परंतु लगेच पुढच्या वचनात तो बापाकडे वळतो, आणि मुलांस चिडीस आणण्याची त्याला मनाई करितो. कारण हे की, त्यांची उमेद खचेल. मूळ ग्रीक शब्दाचा भावार्थ हाच आहे. उमेद खचलेले मूल नेहमीच बंड करिते असे नाही. पुष्कळदा ते मुकाट होते, आणि बाप त्यालाच शिस्त समजतो.

तर मग बापाने गप्प बसावे काय? नाही. दाविदाने आपला पुत्र अदोनीया ह्याला त्याच्या वर्तनाचा जाब कधीच विचारिला नाही. परिणाम असा झाला की, म्हाताऱ्या बापाच्या हयातीतच तो राजा होऊ पाहू लागला. दोष न दाखविणे ही माया नव्हे.

दोष कसा दाखवावा, हे इफिस येथील मंडळीस पाठविलेल्या पत्रात दिसते. प्रभू प्रथम तिचे श्रम व धीर ह्यांचा उल्लेख करितो, मग उणीव स्पष्ट सांगतो, आणि शेवटी परत येण्याची वाट दाखवितो. बापानेही तसेच म्हणावे : "सहा वाफे चांगले भिजले, बाळा. सातव्याचा वरंबा कच्चा होता. उद्या आपण दोघे मिळून तो बांधू." स्तुती खरी असावी, तोंडदेखली नसावी. बोल लावणे ते एकांतात, आणि कामाला. "तुझ्या हातून काही व्हावयाचे नाही," असे मुलाला कधीही म्हणू नये. मुलींच्या कामाकडे तर कित्येक घरी भाजीत मीठ कमी पडले तरच लक्ष जाते!

कोणी म्हणेल, "आमच्या बापाने आम्हांस असेच वाढविले, आमचे काय बिघडले?" बापाच्या पावलांचा आवाज ऐकून आपण कोठे लपत होतो, हे ज्याचे त्याने आठवावे. आम्हांस तर हे लिहिताना आमचेच कित्येक कठोर शब्द आठवतात, व लाज वाटते.

मार्क सांगतो की, येशूचा बाप्तिस्मा झाला तेव्हा पित्याने स्वर्गातून आपला संतोष प्रकट केला. मार्काच्या वर्णनात तोवर एकही चमत्कार घडलेला नाही, एकही उपदेश झालेला नाही. आधी पित्याची प्रीती, मग पुत्राचे कार्य. आपल्या घरीही हाच क्रम असावा.

विचारार्थ प्रश्न :
१. गेल्या आठवड्यात आपण मुलांस किती वेळा रागावलो, आणि किती वेळा शाबासकी दिली?
२. चार लोकांत बोललेला एखादा शब्द आज मुलाजवळ परत घ्यावयास पाहिजे काय?
३. कोणता दोष दाखविण्याचे आपण भिडेने टाळीत आहो?