मातेचे नैराश्य आणि मुलाचे वर्तन

दुसरी-तिसरीतील एखादे मूल महिन्या-दीड महिन्यात पालटते. गृहपाठ होत नाही, मधल्या सुट्टीत मारामाऱ्या वाढतात. किंवा याच्या उलट, ते मुकाट कोपऱ्यात बसू लागते. ‘घरी लक्ष नाही’ असा शेरा मारून शिक्षक मोकळे होतात. शेरा पुष्कळदा खराही असतो; परंतु लक्ष का नाही, हा प्रश्न तसाच राहतो.

एक कारण मातेचे नैराश्य हे असू शकते. नैराश्य म्हणजे आळस नव्हे. तो आजार आहे. दोन आठवडे वा अधिक काळ मन खिन्न राहते, कशातच रस वाटत नाही, झोप व भूक बिघडते. खेड्यातील स्त्री हे या शब्दांत सांगत नाही. ‘अंग मोडून येते’, ‘डोके जड आहे’ एवढेच ती म्हणते. डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यात केलेल्या व २००२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी सुमारे २३ टक्के मातांना नैराश्य असल्याचे आढळले. आर्थिक ओढाताण व पतीशी बिघडलेले संबंध यांचा त्याच्याशी निकट संबंध दिसून आला.

अशी माता मुलाच्या हाकेला उशिरा ओ देते, कधी देतच नाही. मूल आवाज चढवते, वस्तू फेकते. मग ओ मिळते, पण रागाची. आरडाओरडा केल्यावाचून आई वळत नाही, हे मूल शिकते, आणि आपल्याला मूलही सांभाळता येत नाही, असे मातेच्या मनाने घेतले की ती अधिकच खचते. पूर्वी सारा दोष मातेच्या माथी मारला जाई. मुलाचे वर्तनही पालकांना घडवते, हे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बेल यांनी १९६८ साली आग्रहाने मांडले.

हे चक्र उलटेही फिरते. अमेरिकेत मिर्ना वाइसमन यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, उपचाराने तीन महिन्यांत ज्या मातांचे नैराश्य ओसरले त्यांच्या मुलांतील मानसिक विकारांचे प्रमाण घटले. ज्यांचे ओसरले नाही त्यांच्या मुलांत ते वाढले.

निदान करणे हे शिक्षकाचे काम नव्हे. परंतु शाळेतून घरी जाणारी प्रत्येक तक्रार या चक्राला आणखी एक वेढा देते, हे त्याने ओळखावे. चारचौघांत, विशेषतः पित्यासमोर, मातेला जाब विचारू नये. मुलाने केलेली एखादी चांगली गोष्ट आधी कळवावी. ती खरी असावी, कारण खोटी स्तुती आईला तत्काळ कळते. गृहपाठ काही दिवस शाळेतच करून घ्यावा. बोलणे निघाल्यास ‘ताई, तुमची तब्येत कशी आहे?’ एवढे विचारणे पुरे. आशाताईंची ओळख करून द्यावी, प्राथमिक आरोग्य केंद्राची वाट दाखवावी. टेली-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक विनामूल्य आहे. तो एका चिठ्ठीवर लिहून द्यावा. जगणे नकोसे झाल्याचे ती बोलली, तर मात्र दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता तिला एकटी न ठेवता आरोग्य केंद्रात पोहोचवण्याची व्यवस्था करावी.