जीपने उतरलेला सिंहगड

रविवारी पहाटे आतकरवाडीतून सिंहगड चढायचा, वर मडक्यातलं दही खायचं आणि वडापच्या जीपने पायथ्याशी येऊन पुन्हा चढायला लागायचं. एका सकाळी तीन गड. सात महिने हा माझा सराव होता. चाळिशी ओलांडलेले गुडघे उतरताना कुरकुरतात, आणि खरी परीक्षा चढावर असते, उतरायला काय लागतं, असा माझा हिशेब. त्या हिशेबाची वसुली रियुनियन बेटावरच्या डोंगरी शर्यतीत झाली. हल्ली पुण्या-नाशकातली बरीच मंडळी असल्या शर्यतींची नावं काढतात, म्हणून हे लिहितोय.

रियुनियन हे मादागास्करच्या पूर्वेला, हिंदी महासागरातलं फ्रेंच बेट. मुंबईहून मॉरिशस, तिथून विमानाने पाऊण तास. १९८९ पासून तिथे दर ऑक्टोबरात डोंगरवाटांची शर्यत भरते. ‘दियागोनाल दे फू’ हे तिचं लोकप्रिय नाव, म्हणजे वेड्यांची तिरपी वाट. गुरुवारी रात्री दक्षिण किनाऱ्यावरच्या सें-पिएरहून निघायचं आणि आख्खं बेट ओलांडून उत्तरेला सें-दनीच्या स्टेडियममध्ये पोचायचं. मार्ग थोडाफार बदलत राहतो. अंतर १६५ ते १७५ किलोमीटर, चढ सुमारे दहा हजार मीटर, मुदत साधारण ६६ तास. पुरी करणाऱ्याला टी-शर्ट मिळतो, त्यावर फ्रेंचमध्ये लिहिलेलं असतं, ‘मी वाचलो’.

दहा हजार मीटर चढ हा आकडा मी भेटेल त्याला ऐकवत होतो. समुद्रकाठी सुरू होऊन समुद्रकाठीच संपणाऱ्या शर्यतीत उतारही तेवढाच असणार, हे तिसरीतल्या पोरालाही सुचलं असतं. मला सुचलं नाही.

फाजील आत्मविश्वासाला आणखी एक कारण होतं, आणि ते कुठेतरी वाचलेलं होतं, हे त्याहून वाईट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या उष्णबिंदूवरून आपला दख्खनचा कातळ लाव्हा होऊन वाहिला, तोच उष्णबिंदू आज रियुनियनखाली आहे, असं बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. मधल्या काळात भारताची भूमी उत्तरेला सरकली, उष्णबिंदू मागे राहिला. म्हणजे घरचंच मैदान की! पण सह्याद्रीला झिजायला कोट्यवधी वर्षं मिळालीत. हे बेट समुद्रातून वर येऊन जेमतेम वीस-तीस लाख वर्षं झालीत, आणि त्यातला पितों द ला फूर्नेझ हा ज्वालामुखी अजून वरचेवर पेटतो. जुन्या ज्वालामुखीच्या, पितों दे नेजच्या, भोवतीच्या तीन प्रचंड दऱ्यांना तिथे ‘सर्क’ म्हणतात. त्यांचे कडे हजार हजार मीटरचे, वाटा ओल्या मुळांच्या आणि गुडघाभर उंच पायऱ्यांच्या. आपल्याकडे बारीहून कळसूबाई उतरताना पायाला मधेमधे विसावा मिळतो. तिथे तो मिळत नाही.

पहिली रात्र मजेत गेली. सें-पिएरला घाम निथळत होता आणि पहाटे दोन हजार मीटरवर बोटं वाजत होती, एवढंच. ‘मार आ बू’ नावाचा थांबा आहे, अर्थ चिखलाचं तळं, आणि नाव अगदी सार्थ आहे. तिथे भाजलेली कोंबडी खाऊन केर्वेगेंची धार गाठली, तोवर शुक्रवारची दुपार झाली. इथून सिलाओसच्या सर्कमध्ये उतरायचं. शिड्या, लाकडी पायऱ्या, पुन्हा शिड्या. आधाराच्या काठ्या या शर्यतीत चालत नाहीत. हा नियम मी वाचला होता, तरी सराव मात्र काठ्या घेऊनच केला होता. पाव उतार झाला आणि मांड्या थरथरू लागल्या. अर्ध्यावर मी रेलिंग धरून उलटा उतरत होतो, लहान मूल पलंगावरून उतरतं तसा.

त्या मांड्यांचं काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. तुम्ही आधी समजून घ्या. चढताना मांडीचा स्नायू आखडून जोर लावतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना अंगाचा भार तोलतो, आणि या कामात त्याचे तंतू फाटतात. दम लागत नाही, म्हणून आपल्याला वाटतं, सोपं चाललंय. याला उपाय एकच, तो म्हणजे उतरणं. गंमत अशी की शरीर हा धडा फार लवकर शिकतं. एकदा जोराचा उतार धावून मांड्या चांगल्या दुखल्या की पुढच्या काही आठवड्यांत तेवढ्याच उताराने बरंच कमी नुकसान होतं. म्हणून शर्यतीआधीचे दोन महिने लांब उतार धावा, काठ्यांशिवाय, थोडे रात्रीचे, थोडे ओल्या वाटेवरचे. शेवटचा मोठा उतार शर्यतीच्या दोन आठवडे आधी. जीपचे पैसे वाचवा.

सिलाओसला पोचलो तेव्हा तिथल्या मुदतीला अजून चाळीस मिनिटं शिल्लक होती, आणि त्या चाळीस मिनिटांनीच घात केला. खुर्चीतून हात टेकल्याशिवाय उठता येत नव्हतं. मालिश करणाऱ्या पोक्त स्वयंसेवक बाईंनी मांडी दाबून पाहिली, मान हलवली आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या बसकडे बोट केलं. मी हसून ‘मेर्सी’ म्हणालो. धारेवर आयब्युप्रोफेनची एक गोळी घेतली होती, इथे दोन घेतल्या. मळमळत होतं म्हणून पाणी जवळजवळ बंदच केलं होतं.

सिलाओस हा शब्द मलागासी भाषेतून आला आणि त्याचा अर्थ ‘जिथून माणूस निघून जात नाही ती जागा’, असं सांगतात. शर्यतीत मात्र सोडायची तर हीच जागा. इथे रस्ता आहे, बस आहे, गाव आहे. पुढे दोन हजार मीटरवरची ताइबीची खिंड, आणि खिंडीपलीकडे माफात. माफातमध्ये रस्ताच नाही. पळून आलेल्या गुलामांनी वसवलेल्या त्या वाड्या-वस्त्यांना आजही वाणसामान हेलिकॉप्टरने येतं. तुमचं पाऊल खिंडीपलीकडे पडलं की शर्यत सोडायलाही डोंगर चढावा लागतो. नकाशा हातात आला की आधी अशी जागा शोधा आणि तिथे स्वतःला विचारायचे दोन प्रश्न घरूनच लिहून न्या. हात न टेकता खुर्चीतून उठता येतंय का? गेल्या चार तासांत लघवी झाली का, आणि कुठल्या रंगाची? एकाचंही उत्तर वाईट आलं तर बसमध्ये बसा. तिथे बसून नव्याने विचार करायला जाऊ नका, कारण रात्रभर न झोपलेला मेंदू स्वतःच्या बाजूनेच निकाल देतो.

माझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मार्लाच्या वस्तीत मिळालं, रात्री नऊच्या सुमारास. कोऱ्या चहासारखा रंग. तंबूतल्या तरुण डॉक्टरने खुणेनेच विचारलं, गोळ्या किती? मी बोटं दाखवली, चार. खिंडीत आणखी एक घेतली होती. त्याने माझा छातीवरचा क्रमांक काढून घेतला आणि सलाईन लावलं. शेजारच्या पथारीवर तळवे सोललेला एक धावपटू होता. माफातबाहेर पडायला त्याला उजाडल्यावर पायीच कोल दे बोच्या खिंडीपर्यंत जायचं होतं. मला सकाळी हेलिकॉप्टरने उचललं. वरून तो वाटेवर दिसला, एकेक पाऊल जपून टाकत. मला त्याचा हेवा वाटला.

फाटलेल्या स्नायूंतलं प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडात अडकतं. त्यात पाणी कमी, आणि त्यावर मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आवळणारी गोळी. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ८० किलोमीटर धावताना आयब्युप्रोफेन घेणाऱ्या ५२ टक्के धावपटूंच्या मूत्रपिंडांना तात्पुरती इजा झालेली आढळली. नुसतीच दाखवायची गोळी घेणाऱ्यांत ३४ टक्के. म्हणजे पळण्यानेच काही जणांना त्रास होतो, गोळी त्यात भर घालते. पिशवीतून ती काढून टाका. त्यावर घटाघटा पाणी पिणं हाही उपाय नाही. मिठाशिवाय नुसतं पाणी पीत राहिलात तर रक्तातलं सोडियम उतरतं, आणि तेही जिवावर बेतू शकतं. तहान लागेल तसं प्या, खारट काहीतरी खात राहा.

हॉस्पिटलात तीन रात्री काढल्या. तिथली एक परिचारिका तमिळ आडनावाची होती. पणजोबा उसाच्या मळ्यावर मजूर म्हणून आले, तिला तमिळ येत नाही. दुसऱ्या दिवशी तिने गुपचूप एक समोसा आणून दिला, बेटावर त्याला ‘सामुसा’ म्हणतात. खायला परवानगी नव्हती. खाल्ला. बिल आलं युरोत, आणि माझ्या प्रवासविम्याच्या बारीक अक्षरांत ‘साहसी स्पर्धा वगळून’ असं छापलेलं होतं. तुमची पॉलिसी आज रात्री काढून वाचा.

मूत्रपिंडाचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन जागेवर यायला पाच आठवडे लागले. पुढच्या ऑक्टोबरसाठी पुन्हा नाव घालायचं आहे, घरी अजून बोललेलो नाही. सध्या तिसऱ्या फेरीला मी जीपने वर जातो आणि पायी उतरतो. रविवारी आतकरवाडीच्या वाटेवर समोरून कुणी धावत खाली येताना दिसलं तर जरा बाजूला व्हा. माझे ब्रेक अजून नीट लागत नाहीत.