गाडीचा विमा : पुरा की अपुरा?

आपल्या लासलगावची कांद्याची बाजारपेठ मोठी. हंगामात पिकअप गाड्यांची रांग लागते. समजा, एक पिकअप घसरली आणि मोटारसायकलवर आदळली. मोटारसायकलवाल्याचा पाय मोडला. पिकअपही चेपली. पिकअपचा विमा आहे. मग भरपाई कोणाला मिळेल?

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा केलेला विमा दुसऱ्यासाठी असतो. त्याला थर्ड पार्टी विमा म्हणतात. मोटारसायकलवाल्याला भरपाई मिळेल. पिकअपच्या दुरुस्तीला एक पैही मिळणार नाही. गाडी चोरीला गेली, जळाली, पुरात बुडाली, तरी नाही. कर्जाचे हप्ते मात्र चुकत नाहीत.

म्हणून आम्ही सांगतो, झेपत असेल तर पुरा विमा घ्या. त्यात आपल्या गाडीचे नुकसानही धरतात. विम्याच्या कागदावर गाडीची किंमत लिहिलेली असते. चार पैसे वाचवायला ती कमी लावून घेऊ नका. गाडी चोरीला गेली, तर त्या आकड्यावरच भरपाई ठरते. मालक स्वतः गाडी चालवत असेल, तर त्याच्या अपघाताचा १५ लाखांचा विमा आहे का, तेही पाहा.

आपण आता वाचायला शिकलो. तेव्हा आधी कागद वाचू या, मग सही करू या.