रोपे खिडकीत करावीत की हरितगृहात?

समजा तुम्ही भिवंडीजवळच्या शेलारमध्ये राहता. घराला अंगण नाही, पण टोमॅटो-मिरचीची रोपे करण्याची हौस आहे. बी खिडकीच्या कट्ट्यावर पेरावे, की गच्चीवर चार काठ्या उभारून प्लॅस्टिकच्या कापडाचे छोटेसे हरितगृह करावे? प्रश्न बागकामाचा दिसतो. उत्तर मात्र बरेचसे भौतिकीत सापडते.

बी रुजण्यास ओलावा, हवा आणि ऊब लागते. टोमॅटोच्या बियांना २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान चांगले मानवते. उजेडावाचून त्यांचे अडत नाही. थंड देशांत वसंताच्या सुरुवातीलाही बाहेर गारठा असतो, म्हणून तेथे बी घरात रुजवतात. आपल्याकडे घरातले तापमान वर्षातील बराच काळ या मर्यादेच्या आसपासच असते. तेव्हा रुजवण्यापुरते घर उत्तम. अडचण सुरू होते ती अंकुर मातीबाहेर डोकावल्यावर.

भर दुपारच्या उन्हात प्रकाश सुमारे १ लाख लक्स असतो. ढगाळ दिवशीही उघड्यावर १० हजार लक्सच्या आसपास मिळतो. खोलीत आत मात्र तो काहीशे लक्सच भरतो. आपल्याला हा फरक जाणवत नाही, कारण आपली बाहुली लहानमोठी होते आणि डोळा अंधाराला सरावतो. रोपाला ती सोय नाही. कुंडी ठेवायची त्या जागी डोळा नेऊन पाहा: आकाशाचा किती भाग दिसतो? दहावा हिस्सा दिसत असेल, तर रोपाच्या वाट्याला आकाशाचा उजेडही साधारण तेवढाच. मग रोप उंच, फिकट, बारीक मानेचे होते आणि खिडकीकडे झुकते. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८० साली दाखवले, की गवताच्या कोंबाचे टोक झाकले तर कोंब प्रकाशाकडे वळत नाही. टोकाकडून खाली जाणारा हा ‘निरोप’ म्हणजे ऑक्सिन हे वृद्धिद्रव्य, हे पुढे कळले.

आता हरितगृहाकडे वळू. १ मीटर लांब, रुंद आणि उंच अशी प्लॅस्टिकची पेटी घ्या. तिच्यातील हवेचे वस्तुमान सुमारे १.२ किलोग्रॅम. ती १ अंशाने तापवायला साधारण १२०० ज्यूल पुरतात. छतावर ८०० वॅट ऊन पडते आणि त्याचा चौथा भागच हवेला मिळतो असे धरा, म्हणजे सेकंदाला २०० ज्यूल. सहा सेकंदांत एक अंश! अर्थात तापमान वाढेल तशी उष्णता प्लॅस्टिकमधून बाहेरही जाऊ लागते, म्हणून ते कोठेतरी स्थिरावते. पण आपल्याकडच्या उन्हात ते कोवळ्या रोपांना भाजून काढण्याइतके चढते.

ही उष्णता अडकते कशी? ‘काच अवरक्त किरण बाहेर जाऊ देत नाही,’ असे उत्तर सर्रास दिले जाते. ते अपुरे आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ आर. डब्ल्यू. वुड यांनी १९०९ साली दोन पेट्या उन्हात ठेवल्या; एकीवर काच, दुसरीवर अवरक्त किरणांना आरपार जाऊ देणारी सैंधवाची चकती. दोन्हींवर पडणारे ऊन त्यांनी आधी काचेतून गाळून घेतले. दोन्ही पेट्या ५५ अंशांच्या आसपास तापल्या. फरक जेमतेम एका अंशाचा! मुख्य कारण असे, की झाकणामुळे तापलेली हवा वर निघून जात नाही, अभिसरण थांबते. साधे पॉलिथिन अवरक्त किरणांना बरेचसे पारदर्शक असूनही त्याखाली दिवसा उकाडा होतो, तो यामुळेच. (पृथ्वीच्या वातावरणात मात्र अवरक्त किरण खरोखरच शोषले जातात. नाव ‘हरितगृह परिणाम’ असले तरी यंत्रणा वेगळी. वुडच्या प्रयोगाने जागतिक तापमानवाढ खोटी ठरत नाही.)

म्हणून माझ्या मते कोकणात हरितगृहाला छत हवे, भिंती नकोत. पावसाळ्यात हे विशेष पटते. मोठा थेंब सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगाने आदळतो. दोन पानांच्या रोपाला तो आडवा करतो. ओल साचली की बुरशीने रोपे बुंध्याशी कोलमडतात. आसपासचे शेतकरी भाताची रोपे राब भाजलेल्या जमिनीवर उघड्यावरच करतात. पण भाताला पाण्याचे वावडे नाही, मिरचीला आहे. पाणी शिंपडून गारवा आणावा म्हणाल, तर १ ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेतली जाते हे खरे. मात्र जुलैच्या दमट हवेत बाष्पीभवनच मंदावते. वाराच हवा. उन्हाळ्यात छताऐवजी निम्मी सावली देणारी जाळी बांधा. तिच्याखालीही ५० हजार लक्स उरतात, खोलीच्या शंभरपट!

थोडक्यात बी घरात रुजवा, आणि पहिला कोंब दिसेल त्याच दिवशी ट्रे बाहेर छताखाली न्या. दोन दिवसांचा उशीरही मान लांबवायला पुरतो.

शिक्षकांनी वर्गाकडून वुडचा प्रयोग करून घ्यावा. सारखी दोन खोकी आतून काळी रंगवा. एकावर काच, दुसऱ्यावर साधे पॉलिथिन ताणून बसवा आणि तापमापकांवर सावली राहील असे पाहा. दर पाच मिनिटांनी नोंद घ्या. तीच खोकी डिसेंबरच्या निरभ्र रात्री गच्चीवर ठेवून पहाटे पुन्हा वाचा. बाहेर तिसरा तापमापक टांगायला विसरू नका: पॉलिथिनचे खोके कधी कधी बाहेरच्या हवेपेक्षाही थंड आढळते. ते का, हे वरच्या मजकुरातूनच शोधता येईल.